गुडघ्यातलं दावं

पोरी,

काल फोनवर तू म्हणालीस, "आत्या, ब्रूनो तीन दिवस लंगडला, आज बरा दिसतो. उद्यापासून पुन्हा पळायला नेऊ का?" मी "थांब, लिहून पाठवते" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आत्याला ऐकू आलं नाही. ऐकू आलं गं माय, चांगलं आलं. हाच प्रश्न काही वर्षांमागं मी स्वतःला विचारला होता, आणि "ने की, त्यात काय" असं उत्तरही स्वतःच देऊन मोकळी झाले होते. त्या उत्तरापायी आमच्या शेरूचा मागचा उजवा गुडघा गेला, आणि सव्वा वर्षानं डावा.

शेरूला तुझ्या दादानं आणलं. मग दादाला नोकरी लागली, तो पुण्याला गेला, आणि लॅब्रॅडॉर राहिला राळेगावात माझ्या ओसरीवर. त्याआधी कुत्रं म्हणजे मोती. वावरात जागलीला, शिळ्या भाकरीवर, धुऱ्या-धुऱ्यानं हुंदडणारा. त्याचा गुडघा कुणी पाहिला नाही, त्यानं दाखवला नाही. त्यामुळे कुत्रं पाळायला अक्कल लागते हे मला पन्नाशीनंतर कळलं. शेरूनं शिकवलं, आणि फी चोख वसूल केली.

आधी आत काय असतं ते समजून घे, म्हणजे पुढचं पटेल. मांडीचं हाड नडगीच्या हाडावर बसतं, आणि दोघांना जागेवर धरायला सांध्यात दोन दोर फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले असतात. त्यातल्या पुढच्या दोराचं काम एकच, नडगीला पुढं सरकू द्यायचं नाही. माणसातही हाच दोर असतो. कबड्डीत पाय रोवलेला राहतो, अंग फिरतं, आणि पोरगं गुडघा धरून खाली बसतं ना, तेव्हा बहुधा हाच तुटलेला असतो. पण माणसाचा दोर एका हिसक्यात जातो, कुत्र्याचा बहुतेक वेळा महिनोन्महिने झिजत जातो. कुत्रं उभं असतं तेव्हाही त्याचा गुडघा वाकलेलाच असतो, आणि नडगीचा माथा मागच्या बाजूला उतरता, साधारण २० ते २५ अंशांचा. म्हणजे प्रत्येक पावलाला वरचं हाड त्या उतारावरून मागं घसरू पाहतं, आणि दोर ते धरून ठेवतो. बैलाचं दावं आठव. ते तुटतं एखाद्या रात्री, पण खुंट्यावर घासत असतं वर्षभर.

आता एकेक सांगते. वाचून झाल्यावर हसलीस तरी चालेल.

१. लंगडताना दिसलं की आधी पंजा उलटा करून बघ, बोटांच्या बेचक्यांसकट — आपल्या वावरात बाभळीचा काटा आणि सराटा कायम कामावर असतात, आणि त्यांच्यासाठी नागपूर गाठावं लागत नाही.

२. काटा नसेल तर कानामागं, मानेखाली, बोटांमधे गोचीड शोध — गोचिडाच्या तापातही सांधे सुजून कुत्रं लंगडतं, आज हा पाय तर उद्या तो, आणि त्याचं औषध अगदी निराळं.

३. खाली बसायला सांग आणि मागून बघ. चांगल्या गुडघ्याचं कुत्रं दोन्ही पाय अंगाखाली घेऊन पाटावर बसल्यासारखं नीट बसतं. दुखऱ्या गुडघ्याचं तो पाय बाजूला फेकून, ओसरीवर पाय पसरलेल्या म्हातारीसारखं — गुडघा पुरता दुमडला की कळ येते. (मी तशीच बसते. मला तपासू नको.)

४. धुळीतून चालव आणि ठसे बघ; चारांत एक फिका उठत असेल तर तो पाय नुसता बोटांच्या टोकावर टेकतोय — लंगडं पाऊल खोटं बोलत नाही, धनी खोटं ऐकतो.

५. दोन्ही मांड्या एकाच वेळी दोन हातांत धर — पाय वाचवून चाललं की काही आठवड्यांतच त्या मांडीचा गोळा उतरतो, आणि केसाळ कुत्र्यात हे डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं.

६. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कठीण, जाडसर कडा लागली तर दुखणं जुनं आहे असं समज — सैल सांध्याला शरीर आपल्या परीनं गाठ मारू बघतं.

७. शेजारणीच्या पॉमेरियनसारखं बारकं कुत्रं चालता चालता दोन पावलं एक पाय उचलतं, झटकतं आणि काही झालंच नाही असं पुढं जातं, त्याला हे दुखणं समजू नको — तिथं बहुधा गुडघ्याची वाटी खाचेतून सरकून परत बसत असते. तोही आजारच, पण घराणं वेगळं.

८. चालण्याचं मोबाइलवर चित्रण करून ठेव, बाजूनं एक आणि मागून एक — दवाखान्याच्या दारात पाऊल पडलं की भीतीनं ही मंडळी अशी सरळ चालतात की डॉक्टर आपल्याकडेच संशयानं बघतात.

९. आणि तुझा प्रश्न. तीन दिवसांत लंगडणं थांबलं म्हणजे दुखणं थांबलं असं धरू नको; डॉक्टरला दाखवेपर्यंत पळणं बंद, उडी बंद, फिरणं दोरीवर — अर्धा तुटलेला दोर सूज उतरली की दुखायचा थांबतो, पण तुटलेला तो तुटलेलाच.

इथं माझी कथा सांगते, म्हणजे तुला आत्याचा अधिकार कळेल. वैशाख होता. शेरू चार दिवस लंगडला, पाचव्या दिवशी शेपटी हलवत दारात उभा. मला त्याची दया आली. दया ही मोठी महाग गोष्ट आहे. संध्याकाळी वावरात नेला, दोरी सोडली. पऱ्हाटी उपटून झालेली, रान मोकळं, आणि नाल्याकडून दोन रोही निघाले. शेरू सुटला. आपली काळी माती उन्हाळ्यात कशी फाटते तुला माहीत आहे, हात घातला तर कोपरापर्यंत जावा अशा भेगा. मागचा पाय त्यात गेला, अंग पुढं गेलं. एकदाच केकाटला, मग तीन पायांवर माझ्याकडे आला आणि माझ्याच पायाशी बसला, जणू चूक त्याची होती. मी कितीतरी दिवस त्या भेगेला शिव्या दिल्या. डॉक्टरांनी नंतर शांतपणे सांगितलं, भेगेनं फक्त शेवटचा पीळ तोडला, बाकीचे आधीच गेले होते.

म्हणून आता रोजच्या सवयी. खरा औषधोपचार इथंच आहे, आणि तो फुकट आहे म्हणून कुणी करत नाही.

१०. गुळगुळीत टाइल्सवर बारदाना नाहीतर जुनी सतरंजी टाक, निदान त्याच्या जेवणाच्या जागेपासून दारापर्यंत — बेल वाजली की कुत्रं जागच्या जागी पाय घसरवत वळतं, आणि दिवसातून दहा वेळा घसरणारा गुडघा दहा वेळा ताणतो. शेणानं सारवलेल्या जमिनीवर मोती कधी घसरला नाही. नवी फरशी आम्ही हौसेनं बसवली.

११. नखं वाढू देऊ नको. फरशीवर टकटक ऐकू आली की वाढलीच म्हण — लांब नखांनी पंजा नीट टेकत नाही, आणि टेकला नाही की घसरतो.

१२. चैत्रापासून पहिला पाऊस जमिनीत मुरेपर्यंत काळ्या रानात दोरी सोडायची नाही. पांदणीनं ने, बैलगाडीच्या चाकोरीनं ने — भेगेला कुत्रं दिसत नाही आणि कुत्र्याला भेग.

१३. बाजेवरून, गाडीतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उडी मारू देऊ नको. स्कूटरवर पायांपाशी उभं करून तर नेऊच नको — चालत्या गाडीवरून ते मांजर बघून उतरतं, ब्रेक बघून नाही. उडी त्याची, उधारी आपली.

१४. आठवडाभर ओसरीत आणि रविवारी एकदम दहा किलोमीटर, असं करू नको. रोज थोडं, दोन वेळा — मांडीचे स्नायू पक्के असले तर दोरावरचा भार वाटला जातो, आणि स्नायू रविवारी तयार होत नाहीत.

१५. चेंडू फेकायचा तर सरळ, जमिनीलगत, आणि मोजका — उंच चेंडूसाठी कुत्रं मागच्या दोन पायांवर उडतं आणि हवेतच वळून उतरतं, म्हणजे कबड्डीची चढाईच.

१६. उन्हाळ्यात फिरणं उजाडायच्या आधी. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद ठेव. तुला ठेववली नाही तर त्यालाही ठेववत नाही — भाजल्या पंजानं कुत्रं वेडंवाकडं चालतं आणि दुखणं पंजातून वर चढतं.

आता वजन. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या ब्रूनोचा फोटो मी पाहिला आहे. कमर कुठं आहे गं त्याची?

१७. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यात भरायला नकोत. वरून पाहिलं की बरगड्यांमागं कंबर आत गेलेली दिसली पाहिजे — गुटगुटीत हा शब्द पहिलीतल्या पोरांसाठी आहे, सहा वर्षांच्या लॅब्रॅडॉरसाठी नाही.

१८. महिन्यातून एकदा वजन कर. घरच्या काट्यावर मावत नसेल तर धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभं कर — नर लॅब्रॅडॉर साधारण २९ ते ३६ किलोत बसतो, आणि माझा शेरू ४४ भरला तेव्हा दुकानदारानं "कोणत्या भावानं?" असं विचारलं.

१९. घरात एकानंच जेवण द्यायचं, मापाच्या एकाच वाटीनं — आमच्याकडे सकाळी मी, दुपारी तुझे काका, संध्याकाळी शेजारचा पोरगा, आणि प्रत्येकाला वाटायचं की बिचारा उपाशी आहे.

२०. पंगतीचं उरलेलं आणून घालू नको — तेल-तूप तर आहेच, शिवाय भाजीतला कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. जिभेला गोड, गुडघ्याला जड.

अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लं जोड्या लावून वाढवली होती. जोडीतल्या एकाला जेवढं खाईल तेवढं, दुसऱ्याला त्याच्या पाऊणपट. जन्मभर हिशोब ठेवला, आणि २००२ साली तो छापून आला. पाऊण खाणारी सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि सांधेदुखीनंही त्यांना उशिरा गाठलं. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी हातातली पोळी मागं घेतली. शेरूनं माझ्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांचं नाव काढलं तर चावेल.

२१. नसबंदी करायचीच असेल तर कोणत्या वयात, हे मोठ्या जातीच्या कुत्र्याबाबत डॉक्टरला नेमकं विचार — वर्षाच्या आत केली तर लॅब्रॅडॉरसारख्या जातीत सांध्यांची दुखणी वाढतात असं दिसलं आहे. पण हे निमित्त करून कायमचं टाळूही नको.

२२. पुढचं कुत्रं ऐटीकडे बघून घेऊ नको. २०१८ साली टी-१ वाघिणीच्या शोधात आपल्या राळेगाव-पांढरकवड्याच्या जंगलात केन कोर्सो जातीची कुत्री आणली होती. तेव्हापासून आपल्या घरातल्या पोरांना तसलंच हवं आहे — जड जातींतच हा दोर जास्त झिजतो, रॉटवायलर, मॅस्टिफ आणि आपला लॅब्रॅडॉर त्यातलेच. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यात हे क्वचित; आपल्या लातूर-सोलापूरकडच्या कारवानीचा बांधा तसाच.

यानंतर मी केलेल्या चुका. या वाच आणि करू नको, बाकी काही म्हणणं नाही.

२३. आपल्या डब्यातली दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नको, अर्धी नाही आणि पावही नाही — डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बसतात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जीवघेणी. डायक्लोफिनॅकची करणी आपल्या आभाळानंही पाहिली आहे: ते टोचलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली, आणि २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं.

२४. एका डॉक्टरची गोळी चालू असताना दुसऱ्याकडे गेलीस तर पहिली चिठ्ठी दाखव — सूज उतरवणारी गोळी आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन एकत्र पडलं की आतडं फाटायची वेळ येते. लाजून चिठ्ठी लपवणारी मीच होते.

२५. गोळीनं लंगडणं थांबलं तरी विश्रांती थांबवू नको — गोळी दुखणं झाकते, दोर विणत नाही.

२६. तेल लावून गुडघा चोळू नको — दुखणं आत सांध्यात आहे, चोळतेस तू कातडी, आणि ते तेल कुत्रं चाटून टाकतं. शेरूला तिळाचं तेल फार आवडायचं.

२७. गुडघ्यावर घट्ट पट्टी किंवा बांबूच्या कामट्या बांधू नको — कुत्र्याचा गुडघा मांडीत दडलेला असतो, पट्टी खाली घसरते आणि पोटरीला आवळते. सकाळी पंजा वडापावच्या पावासारखा फुगलेला.

२८. आणि कुणी म्हातारा सांगेल, "डाग द्या, पाय मोकळा होतो." त्याला चहा पाज आणि वाटेला लाव — भाजल्याच्या दुखण्यात जुनं दुखणं काही दिवस दिसत नाही, एवढंच होतं.

२९. दुखणाऱ्या कुत्र्याला उचलताना आधी दुपट्ट्याची फास-गाठ तोंडावर घाल, धाप लागली नसेल तर — कितीही प्रेमाचं असलं तरी कळ आली की ते चावतं. रस्त्यावरचं अनोळखी कुत्रं असेल आणि दात लागलाच, तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी लसीला जा.

डॉक्टरांकडे कसं जायचं तेही सांगते. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात पहिल्यांदा दाखव. काटा, गोचीड, मोडलेलं हाड एवढं तिथं निवडून निघतं. पण गुडघ्याचा दोर तपासायला आणि शिवायला बहुधा पुढं जावं लागतं. वडकीला हायवेला लागायचं आणि हिंगणघाटावरून नागपूर, सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय; ते १९५८ पासूनचं. अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकातलं.

३०. निघण्याआधी फोन करून विचार: हाडांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, आणि कुत्रं उपाशी आणायचं का — गुंगी देऊन तपासायचं असेल तर पोट रिकामं लागतं. मी दहीभात भरवून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता पुन्हा.

३१. डॉक्टर मांडी एका हातात, नडगी दुसऱ्या हातात धरून पुढं-मागं करून बघतात. टेबलाचा खण बाहेर ओढल्यासारखी नडगी सरकली तर दोर गेला. हे घरी करून बघू नको — जागं कुत्रं स्नायू आवळून धरतं, त्यामुळे काही कळत नाही, आणि अर्धा दोर असेल तर तूच तो पुरा करशील.

३२. एक्स-रेमध्ये दोर दिसत नाही म्हणून "काही नाही" असं समजू नको — त्यात सांध्यातलं पाणी आणि हाडाची झीज दिसते, आणि जाणत्याला तेवढं पुरतं. दोन्ही गुडघ्यांचे काढायला सांग.

३३. "थोडे दिवस बघू" हे वाक्य तारीख ठरवूनच म्हण — सैल सांध्यात गादीसारखी कूर्चा चिरडली जाते, आणि ती पुन्हा भरत नाही. रतन टाटांनीही २०२४ मध्ये सांगितलं होतं की आपल्या कुत्र्याचा सांधा बदलायला ते त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात घेऊन गेले, पण उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांना तो सांधा एका ठेवणीत कायमचा बसवावा लागला. त्याच वर्षी मुंबईत महालक्ष्मीला त्यांच्या ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. पैसा असला तरी वेळ विकत मिळत नाही, पोरी.

शस्त्रक्रियेचे दोन मार्ग मला समजले तसे सांगते. एकात सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा धागा आवळून तुटलेल्या दोराचं काम त्याच्याकडून करून घेतात. मासे धरायच्या गळाचा दोरा असतो ना, त्याच जातीचा. बारक्या कुत्र्याला हे पुष्कळदा पुरतं. दुसरा मार्ग बार्कले स्लोकम नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं १९९३ साली मांडला. त्याला टीपीएलओ म्हणतात. स्लोकमनं दोराचा नादच सोडला. नडगीचा माथा गोल कापायचा, फिरवून सपाट करायचा, आणि पट्टी-स्क्रूनं बसवायचा. उतारच राहिला नाही तर हाड घसरेल कुठं? आपल्या वावरात पाणी एका कोपऱ्यात धावत असेल तर शहाणा शेतकरी बांध उंच करत बसत नाही, जमीन सपाट करतो. मला हे ऐकून त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला.

३४. पंधरा किलोच्या आतलं कुत्रं असेल तर सक्त विश्रांती, वजन आणि औषध यांवर पुष्कळदा सावरतं. जड कुत्र्यात तो भरवसा कमी. पण खर्च झेपत नाही म्हणून मान खाली घालू नको, डॉक्टरला सरळ सांग — वजन उतरवून आणि शिस्तीनं चालवून जगण्याजोगा पाय मोठ्या कुत्र्यालाही मिळू शकतो, आणि अर्धवट शस्त्रक्रियेपेक्षा पुरी शिस्त बरी.

३५. डॉक्टरला एवढं जरूर विचार: ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती केल्यात, कूर्चा उघडून बघणार का, आणि टाके-तपासणी-एक्स-रे धरून एकूण खर्च किती — विचारल्यानं डॉक्टर रागावत नाहीत, न विचारल्यानं आपण नंतर रागावतो.

शस्त्रक्रिया एका सकाळीत उरकते. त्यानंतरचे अडीच-तीन महिने तुझे.

३६. खोलीचा एक कोपरा अडवून तिथंच ठेव, आणि बाहेर फक्त शू-शीपुरतं, दोरीवर — हाड जुळायला आठ आठवडे तरी लागतात, पण कुत्र्याला तिसऱ्याच आठवड्यात आपण बरे झालो असं वाटतं. घात तिथंच होतो.

३७. चालवणं मिनिटांत मोज: डॉक्टर सांगतील तिथून, बहुधा पाच मिनिटांपासून, आणि दर आठवड्याला थोडं वाढवत — सावकाश चाललं की तो पाय टेकतो, घाईत चाललं की उचलतो.

३८. पायऱ्या चढताना दुपट्टा पोटाखालून, मांड्यांच्या पुढून घे आणि दोन्ही टोकं वर धर — अर्धं वजन तुझ्या हातात येतं, आणि तुझाही दंड मजबूत होतो.

३९. गळ्यातला प्लॅस्टिकचा भोंगा दया येऊन काढू नको — एका रात्रीत टाके चाटून जखम पिकते. भोंग्यानं तो दाराला धडकेल, तुझ्या पोटरीला धडकेल, तुझ्याकडे बघून उसासे टाकेल. टाकू दे.

४०. चांगलं चालत असताना गुडघ्यातून 'टक्' असा आवाज येऊन पुन्हा लंगडू लागलं तर त्याच आठवड्यात दाखव — कूर्चा फाटून दुमडत असण्याची ती खूण आहे.

४१. पाण्यात पोहणं या गुडघ्याला मानवतं, पण डॉक्टरची परवानगी आल्यावर, उथळ आणि थांबलेल्या पाण्यात. बेंबळ्याच्या कालव्यात सोडू नको — सिमेंटच्या उतरत्या काठावरून कुत्र्याला वर येता येत नाही. आणि पावसाळ्यात वर्धा नदीचं नावही काढू नको.

४२. एक पाय बरा झाला की दुसऱ्याकडे बघायला लाग — ज्यांचा एक दोर जातो त्यांतल्या साधारण निम्म्या कुत्र्यांचा दुसराही वर्षा-दोन वर्षांत जातो, कारण दोन्ही एकाच वेळी झिजत असतात. शेरूच्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी पेढे वाटत असेन.

४३. ब्रूनोचे दोन्ही व्हिडिओ आज संध्याकाळी काढ आणि उद्या डॉक्टरला दाखव; मला नुसते पाठवलेस तर मी "गोड आहे" म्हणेन — माझं तेवढंच शिक्षण.

४४. पोळ्याला त्याला घेऊन येशील तेव्हा गाडीचं दार उघडण्याआधी हाक मार, मी फळी लावते. उंबऱ्यापासून बाजेपर्यंत बारदाना अंथरलेलाच आहे. शेरूचा आहे, धुऊन ठेवलाय.

तुझी,
आत्या